वडशाला कळवायचं होतं

चंद्रपूरच्या जटपुरा गेटपाशी ऑटो अडकला आणि मला माझी बोटं दिसली. कुंताच्या उजव्या खांद्यावर ठेवलेली चार बोटं, मधल्यात चांदीचं वळं. बाकीची मी नव्हतेच. मला मनगटाशी कापलं होतं आणि कापलेल्या जागी जांभळं आभाळ भरलं होतं, आभाळात पांढरी कबुतरं आणि समयीच्या ज्योती. दोन खांबांना बांधलेला तो फ्लेक्स वाऱ्याने फुगला, की माझी बोटं तिच्या खांद्यावर थोपटल्यासारखी हलायची. भावपूर्ण श्रद्धांजली. धर्मपरायण गृहिणी कै. कुंताबाई. तिचा रंग दोन हात उजळवला होता. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून तांबूस झालेले दात कंप्युटरवर पांढरे केले होते, पुढच्या दोन दातांमधली फट बुजवली होती. मूळ फोटोत तिच्या हातात रस्सा वाढायचा डाव होता. तो पुसून तिथे पूजेची थाळी दिली होती, पण मूठ डावाचीच राहिली होती, त्यामुळे ती थाळी कुणाच्या तरी डोक्यात घालायला निघाल्यासारखी दिसत होती. तेवढं एक खरं होतं. खाली तिचा नातू सूरज, हात जोडलेला, तिच्यापेक्षा मोठा. शोकाकुल, सूरजभाऊ मित्रपरिवार. नगरसेवकाची निवडणूक तोंडावर आली होती आणि आजी नेमकी वेळेवर गेली होती.

ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. "ओळखीच्या होत्या का आजी?"

"नाही," मी म्हणाले. "ही बाई माझ्या ओळखीची नाही."

खोटं नव्हतं ते. माझ्या ओळखीची कुंता त्या फ्लेक्समध्ये कुठेच नव्हती. तो फोटो वडशाचा, खानावळीसमोरचा. मी तिच्या उजवीकडे होते. डावीकडे इन्स्पेक्टरच्या वेशातला एक नट होता, रात्रीच्या नाटकातून तसाच परत आलेला, आणि मागे नाटकाची जाहिरात सांगत फिरणाऱ्या भोंग्याच्या गाडीच्या टपावर भोंगेवाला गुलाब बसला होता, पाय सोडून. डोक्यावर पाटी होती, कुंताबाईची खानावळ, ‘ळ’चं पोट पावसाने धुऊन गेलेलं. इतकं सगळं कापायला किती वेळ लागला असेल? कोणीतरी खुर्चीवर बसून, चहा पीत, एकेकाला काढून टाकलं असेल. बोटं राहिली ती दयेने नव्हे, आळसाने. मी तिच्या तेरवीला निघाले होते आणि रागाने ऑटोचा दांडा धरून बसले होते. माझी सून म्हणते, आई, या वयात राग चांगला नाही, बीपी आहे तुम्हाला. मग कोणत्या वयात करायचा? तरुणपणी नोकरी होती, मूल होतं, बदलीची भीती होती. राग करायला मला आत्ता कुठे सवड मिळाली आहे.

वडशाला माझी बदली झाली तेव्हा शाळेजवळ खोली मिळेना. कुंताच्या घरामागे एक होती, भाताच्या कोंड्याची पोती ठेवायची. ती म्हणाली, "राहा व मास्तरीणबाई, पन झोप लागन असं सांगत नाई." पहिल्याच पहाटे मला वाटलं घरात मारामारी चालली आहे. पातेली आदळत होती, कोणीतरी गात होतं, कोणीतरी रडत होतं आणि सगळ्यांच्या वर कुंताचा आवाज, "दोघी एका ताटात बसा, नाईतर दोघी उपाशी जा!" नाटक कंपनीच्या दोन नायिका रात्री रंगमंचावर सवती होत्या आणि तोंडाचा रंग उतरला तरी त्यांची सवत उतरली नव्हती. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरली की वडशाच्या कंपन्या रोज संध्याकाळी गाड्या भरून निघायच्या, कुठे सिंदेवाही, कुठे आरमोरी, कुठे नदीपलीकडे जंगलात, रात्रभर नाटक करायच्या आणि उजाडता परत यायच्या. तोंडावर अर्धवट पुसलेली लाली, पोटात आग. गाडी थांबायची ती कुंताच्या दारात. तिचा नवरा शालिकराम एका कंपनीत पडदा ओढायचा. छातीच्या दुखण्याने गेला, प्रवीण कडेवर असताना. कंपनीच्या मालकाने शाल दिली आणि दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. कुंता मला म्हणायची, "दोन मिन्टं कोनी शांत राहाते का भुकेल्या पोटी?" सुतकाचे दिवस सरले तशी तिने वैनगंगेवरून भावाकडून मासे आणवले, गाडी जिथे थांबायची तिथे रस्त्यावर चूल मांडली आणि भाताचं पातेलं उघडं ठेवलं, वाफ दिसावी म्हणून. मासेमार ढिवराच्या घरचं जेवायचं नाही म्हणून राजाचं काम करणारा एक बाजूला बसला. तिसऱ्या दिवशी तोच कोपरापर्यंत हात बुडवून बसलेला, मुकुट अजून डोक्यावर. "राजेसाहेब," कुंता म्हणाली, "तेवढा मुकुट काहाडा. रस्स्यात पडला तर काटे कोनते न मनी कोनते, कसं समजन?"

कुठल्या मेल्याने लिहिलं, गृहिणी? तिच्या घराला दार होतं का कधी? मंडईचं नाटक ठरवायला गावकरी वडशाला यायचे ते आधी तिच्याकडे बसायचे. "बाई, औंदा कोन्तं रडवते?" ती स्वतः एकही नाटक शेवटपर्यंत बघू शकली नाही, चूल पेटवायची असायची, पण ती सांगायची आणि लोक तेच ठरवायचे. माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर, एक गाणारी बाळंत झाली आणि मी वह्या तपासायला अंगणात बसले. तिच्या बाकड्यावर सोयरिकी जुळल्या, मोडल्या. सोडून गेलेले नवरे तिच्या पायरीवर येऊन बसायचे आणि ती आधी वाढायची, मग शिव्या द्यायची. हंगाम संपला की राइस मिलचे हमाल, स्टेशनवर उतरलेले लोक. तिला मी कधी एकटं जेवताना पाहिलं नाही. मला हे लिहिताना कळतंय की मी तिची स्तुती करते आहे. ती ऐकून घेणारी नव्हती. मी एकदा म्हटलं होतं, कुंते, तुझ्यामुळे हे गाव चालतं. ती म्हणाली, "तोंडात गूळ घेऊन बोलू नको, मुंग्या लागते."

ऑटो हलला, पुन्हा थांबला. गेटच्या कमानीतून एक एक गाडी जात होती. आणि राग म्हणाल तर फ्लेक्सवरचा राग वरवरचा होता, सायीसारखा. खाली दुसराच होता, तो मी तेरवीपर्यंत आतल्या आत ढवळत आले होते. वडशाचा. इरई नदीच्या काठी स्मशानात तिला नेलं तेव्हा कोण होतं? बिल्डिंगमधली चार माणसं, मोबाईल कानाला लावलेली. सूरजच्या मित्रपरिवारातली पोरं, पांढऱ्या कपड्यांत, एकसारखी. मी फाटकाकडे बघत उभी होते. प्रवीण म्हणाला, मावशी, उन्हात उभ्या राहू नका. मी हलले नाही. गेली त्या सकाळीच मी गुलाबला फोन केला होता, सगळ्यांना सांग म्हणून. गाडी येईल, मला वाटत होतं. एक नाही, पाच-सहा येतील, टपावर माणसं बसलेली, कोणी तोंडाला रंग लावलेलं असेल, हंगाम आहे, धावत आले असतील. लाकडं पेटली तरी मी फाटकाकडेच बघत होते. कोणीही आलं नाही. एकही नाही. मासे विकणारी सरिता नाही, जिची पाटी रोज कुंताच्याच ओट्यावर उतरायची. तो राजा नाही. खोलीत जन्मलेली ती पोरगी, जिचं आता स्वतःचं पार्लर आहे, ती नाही. गुलाब नाही. मी नदीवरच त्यांना एकेकाला नावं घेऊन शिव्या दिल्या. मला येतात. वीस वर्षं कुंताच्या शेजारी राहिल्यावर कुणालाही येतील. पण शिव्या देऊन झाल्यावर जे उरलं ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. म्हणजे काहीच नव्हतं का ते? ती वाफ, ती भांडणं, ते बाकडं, माणसांनी खचाखच भरलेलं ते आयुष्य, ते फक्त भूक होती का, आणि भूक भागली की उठून चालायला लागलं? मग सूरजनेच काय वाईट केलं? त्याने निदान फ्लेक्स तरी लावला.

याचं उत्तर मिळाल्याशिवाय मला ती मेली असंही नीट म्हणता येत नव्हतं.

आणि तिचाही राग येत होता, सगळ्यांत जास्त. घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, प्रवीणने चंद्रपूरला आणलं, इथवर ठीक. हाड जुळल्यावर परत जायचं होतं की नाही? खानावळीला कुलूप कुणी लावू दिलं? दारू पिऊन आलेल्या नायकाला मानगूट धरून नालीत बसवणारी बाई, पोराने "आई, आता लोक काय म्हणतील" म्हटल्यावर तिसऱ्या मजल्यावर गप्प बसली. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलाकडे. गुडघे धरले म्हणून फोनवरच बोलणं. "इथी कोनी भांडत नाई व मास्तरीणबाई," ती म्हणाली होती. "दार लावलं का झालं. म्या काल पानीवाल्या पोट्ट्याले बस म्हनलं तं तो पळूनच गेला." गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारते म्हणून बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये तक्रार झाली होती. मी म्हटलं, कुंते, चल वडशाला, मी येते तुझ्याबरोबर. ती म्हणाली, "पोरगा नाई म्हनते." मी फोन आपटला. तिला पोराचं ऐकायचं होतं तर मग मला तिने आयुष्यभर कुणाचं ऐकू नको असं का शिकवलं?

मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सभागृहात खुर्च्यांना पांढरी कापडं घातली होती, मागे गाठ. पंगत नव्हती, टेबलं होती. स्टेजवर पुन्हा तोच फोटो आणि त्यावर हार, हाराने माझी बोटं झाकली गेली होती. सूरज वाकून पाया पडला. चांगला पोरगा आहे, मी त्याला उजळणी शिकवली आहे. "आजी, दोन शब्द तुम्ही बोलायचे आहेत. तुम्ही सगळ्यांत जुन्या." मग जवळ येऊन, "फक्त ते खानावळ, नाटकवाले, ते नको. मयुरीच्या सासरची मंडळी आली आहेत पहिल्यांदाच. समजतंय ना?" मयुरी म्हणजे त्याची बहीण.

"मग काय बोलू?"

"तिचा स्वभाव. देवधर्म. माया."

माइकवर कोणी गुणवंतराव बोलत होते. त्यांनी कुंताला पाहिलं असेल तर लिफ्टमध्ये. "शांत," ते म्हणाले. "अत्यंत शांत, सोशिक, घराचा उंबरा न ओलांडणारी माउली." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रवीण पहिल्या रांगेत, डोकं भादरलेलं, अचानक लहान दिसत होता. कडेवरचा. मी त्याच्याजवळ गेले. "प्रवीण, वडशाला कोणाकोणाला कळवलं तू?"

"मावशी, धावपळीत... ग्रुपवर टाकलं होतं."

"कुठल्या ग्रुपवर?"

"घरच्या."

त्याने वर पाहिलं नाही. त्याला रडू येत होतं आणि मला दया येत नव्हती. तेवढ्यात माझं नाव पुकारलं, आणि त्याच वेळी बाहेर भोंगा वाजला. नाटकाच्या गाडीचा भोंगा मला झोपेतही ओळखता येईल, आधी खरखर, मग हिंदी गाण्याचा तुकडा, मग कोणीतरी घाईने बंद केल्याचा आवाज. मी स्टेजकडे निघाले होते ती दाराकडे वळले. मागून सूरज "आजी, आजी" करत होता.

गुलाबने गाडी अगदी दारात लावली होती. चहूबाजूंनी नाटकाचे रंगीत फलक, टपावर दोन भोंगे, फलकांवर बंदुका आणि रडणाऱ्या सुना. पांढऱ्या कपड्यांतली पोरं त्याला गाडी मागे घे म्हणत होती. केस पिकले तरी त्याने मफलर तसाच बांधला होता, नटासारखा. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि इतक्या दिवसांत साठलेलं सगळं तोंडात आलं. "आलास? आता आलास? बुंदी खायला? मरणाला यायला पाय नव्हते? तिच्या हातचं खाऊन तुझी हाडं वाढली, गुलाब, आणि एक माणूस, एक माणूस आला नाही रे तुमच्या वडशातून!"

त्याने मफलर सोडून हातात घेतला. मग म्हणाला, "मास्तरीणबाई, तुम्ही मले मारा. पन आधी आयकून घ्या. वडशाले मालूमच नाई."

"मी तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं नं. तुमचा फोन आला अन् म्या गाडीच काहाडली. घरोघरी कायले जाऊ, म्हनलं, भोंग्यावर सांगतो, साऱ्या गावाले एकदाच मालूम होते. बाजार, स्टेशन, आरमोरी रोड, सारं फिरलो. कुंताबाई गेली हो, म्हनलं. आपली कुंताबाई सोडून गेली. रडूनच सांगितलं, बाई, खरं रडू येऊन राह्यलं होतं." त्याने मफलरने तोंड पुसलं. "लोकाईले वाटलं नवीन नाटक आहे."

मला आधी समजलं नाही.

"वडशात आपल्या गाडीवर रडून दुसरं काय सांगते? हंगाम आहे. रोज कोनाची तरी माय मरून राह्यली, कोनाची बहीन जळून राह्यली. लोकं हासत होते माह्याकडं पाहून. बाजारात एक जन इचारते, कोन्त्या कंपनीचं आहे गा? म्या म्हनलं, काऊन चेष्टा करता, अन् पुढं गेलो. मले एका गावी पोचाचं होतं, तिथची जाहिरात होती. म्हनलं, बाकीचे सारे तं जाइनच नं चंद्रपूरले. काल सरिता भेटली. म्हनते, गुलाब, ते कुंताबाई नाटक कवा लागते? माह्या सासूले पाहाचं आहे, दोन खुर्च्या ठेवजो. म्या म्हनलं, खरंच गेली व, तं आनखीच हासली."

पांढऱ्या कपड्यांतलं एक पोरगं फिसकन हसलं. मी त्याच्याकडे पाहिल्यावर ते आत गेलं. माझ्या छातीत काहीतरी वर येत होतं, ते हसू होतं की काय मला कळेना, आणि ते हसू असेल या विचाराने मी आणखी चिडले. सगळी वर्षं ती ज्यांना जेवू घालत आली त्यांनी तिचं मरण ऐकलं होतं, टाळी द्यावी तसं मन लावून ऐकलं होतं, आणि तिकिटाची वाट बघत होते. आत माझं नाव पुन्हा पुकारलं. "आदरणीय इंदुताई..." तिथे माइक होता, मऊ गादीचा, आणि समोर मयुरीच्या सासरची मंडळी. तिथे मी खानावळ म्हटलं असतं, ढिवर म्हटलं असतं, खर्रा म्हटलं असतं, सूरजचा चेहरा पडला असता आणि मला बरं वाटलं असतं. पण ज्यांना सांगायचं ते तिथे नव्हते. मी गाडीचं दार उघडलं.

"कुठी?" गुलाब म्हणाला.

"वडशाला."

प्रवीण बाहेर आला होता. "मावशी, जेवण व्हायचं आहे," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू पण चल. त्याने मागे वळून सभागृहाकडे पाहिलं, सूरजकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं. दार लावून घेतलं.

रस्ताभर गुलाब बोलत होता. मूलच्या पुढे साग लागला, रस्त्यावर पानांची सावली गाडीत येत जात होती, आणि मी त्याला विचारत होते, साध्या आवाजात का नाही सांगितलं? तो म्हणाला, "भोंग्यात मले दुसरा आवाज येतच नाई. पोलिओचा डोस सांगितला तरी बाया रडते." कुंतानेच त्याला ते काम लावून दिलं होतं, एका मालकाला म्हणाली होती, याचा गळा ऐक, याला नुसतं मीठ मागायला लाव, माणूस डोळे पुसत देईल. ब्रह्मपुरीच्या पुढे नदीचा पूल आला. पाणी उतरलं होतं, मधे वाळूचे पट्टे, डोंगे काठाला ओढून ठेवलेले. मी मनात वाक्यं जुळवत होते. शाळेतल्या निरोप समारंभाला जुळवायचे तशी. तिच्या कार्याचा, तिच्या सेवेचा. सगळी गुणवंतरावांची वाक्यं. मला माझाच इतका राग आला की मी खिडकीबाहेर थुंकले.

वडशाच्या बाजारात उन्हं कलती होती. गुलाबने गाडी हळू केली, सवयीने भोंगा लावला आणि तोंडातून तेच निघालं, "बंधू-भगिनींनो, कुंताबाई गेली हो..." शेंगदाणेवाल्याने मान वर केली आणि हसला. दोन पोरी एकमेकींना कोपर मारत फलकांकडे बघू लागल्या. चहाच्या टपरीवरून कोणी ओरडलं, "हिरोईन कोन आहे गा?" मी गुलाबच्या हातातून माइक ओढला.

काय बोलायचं ते सगळं गेलं. "हिरोईन कोण, कोण विचारतो रे?" मी म्हणाले. भोंग्यातून माझा आवाज मलाच चिरका, म्हातारा, शाळेच्या आवारातला वाटला. "मी इंदू मास्तरीण. नाटक नाही हे. खानावळवाली कुंता मेली. चंद्रपूरला, पोराच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, दार लावलेलं असताना मेली. आज तेरवी आहे. तिच्या मढ्याला तुमच्यातलं एक कुत्रं आलं नाही. तिथे पांढऱ्या कपड्यातले लोक म्हणतात, ती शांत होती. ऐकताय का? शांत! आणि तुम्ही इथे खुर्च्या राखून ठेवताय. लाज नाही वाटत?" पुढे मी काय काय बोलले ते मला सांगता येणार नाही. वाक्यं तुटत होती, मला खोकला येत होता, खोकलाही भोंग्यातून बाजारभर जात होता. पण मी बघत होते. टपरीवरचा तो माणूस उठून उभा राहिला होता. हसणं थांबलं होतं. इतकं वाईट, इतकं बेसूर नाटकात कोणी बोलत नाही; कोणी बोललं असतं तर त्याला वडशाने उभं केलं नसतं. त्यांना खरं वाटलं.

सरिता मासळीच्या ओळीत बसली होती. तिने हातातला कोयता पाटीत टाकला, हात तसेच ओले, आणि गर्दीतून सरळ गाडीपर्यंत आली. मला वाटलं, आता ही गळ्यात पडणार, रडणार. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या हातातला माइक घेतला, खवल्यांच्या हाताने, आणि टपावरच्या भोंग्याकडे मान वर करून, जणू तिथे कोणी बसलं आहे अशी, ओरडली, "काऊन व भवाने! सांगाचं नाई? एवढी घाई कायची होती तुले? आमी का मेलो होतो इथी? फोन उचलून एक बोलली असती तं उचलून आनली असती तुले, खाटेसगट! मोठी आली पोराची आयकनारी!"

कोणीतरी मागून म्हणालं, बरोबर आहे. दुसऱ्या कोणीतरी कुंताला आणखी एक शिवी दिली, माझ्याही ऐकण्यात नसलेली. सरिता थांबायला तयार नव्हती. मी गाडीच्या पायरीवर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला माझ्याइतकं रागावलेलं माणूस भेटलं होतं.